चाबूक आडवा धरण्याचा नियम

बाबांच्या छातीवर घोडीचा पट्टा होता. दोन्ही हातांत टांग्याचे दांडे होते. मैदानावर चुन्याने एक चौक आखलेला होता आणि त्या चौकाच्या तोंडाशी माझे बाबा, स्वतःच्याच टांग्याला जोतलेले, उभे होते.

दोरीच्या पलीकडे खुर्च्या मांडल्या होत्या. खुर्च्यांवरचे लोक हसत होते. मागून कोणीतरी ओरडले, "शेपूट लावा गा त्याले!" मग आणखी मोठा हशा झाला.

मी फळ्याजवळ उभी होते. माझ्या हातात नियमांचे पुस्तक होते. वाहतुकीचे साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हुकूम तुम्ही द्या. डावीकडे म्हणा, उजवीकडे म्हणा. त्याला तुमचा आवाज ओळखीचा आहे."

मी म्हणाले, "डावीकडे."

बाबा डावीकडे वळले.

हे मी आजवर कोणाला सांगितले नाही. मैदानात होते त्यांनी पाहिले, पण मी ते स्वतःच्या तोंडाने कधी उच्चारले नाही. मी शिक्षिका आहे. घडलेली गोष्ट क्रमाने सांगावी, मधले काही गाळू नये, असे मी मुलींना सांगते. तोच धडा आता मला लागू करते.

आम्ही नागपुरात पाचपावलीत राहत होतो. जात महार. आजोबांचे आयुष्य गिरणीत गेले, बाबांचे अर्धे. मग बाबांनी गिरणी सोडली आणि टांगा धरला. टांगा हाकायला परवाना लागतो आणि परवान्याबरोबर पितळेचा बिल्ला मिळतो. त्या बिल्ल्यावर फक्त आकडा असतो. नाव नसते. जात नसते. बाबांचा आकडा त्रेचाळीस होता. दर रविवारी ते चिंचेने बिल्ला घासत आणि उन्हात धरून पाहत. स्टेशनाबाहेरच्या अड्ड्यावर नंबराप्रमाणे सवारी मिळे. बाबा म्हणत, "एक्केचाळीस तेली, बेचाळीस करीमभाई, त्रेचाळीस मी. नंबर लागला का सवारी माही. तिथं कोणी कोणाले मागं सर म्हणत नाही."

साऱ्या नागपुरात ही एकच रांग होती जिच्यात माझे बाबा मधोमध उभे राहू शकत. बिल्ला म्हणजे काय होते, हे एवढ्यावरून समजून घ्यावे.

त्याच बिल्ल्यावर मी शिकले. मराठी सात यत्ता झाल्या, मग शिक्षिकांच्या शाळेतला अभ्यासक्रम झाला, आणि सीताबर्डीच्या बाजूला मुलींच्या शाळेत मला जागा मिळाली. रोज सकाळी बाबा मला शाळेपाशी सोडून अड्ड्यावर जात. मी मागच्या बैठकीवर पुस्तके मांडीवर घेऊन बसे. बाबा ओळखीच्या टांगेवाल्याला ओरडून सांगत, "आज मोठी सवारी हाय गा! मास्तरीणबाई हायेत!"

ज्यांनी टांगा हाकलेला नाही त्यांच्यासाठी एक रीत इथे सांगून ठेवते. टांगेवाल्याचे दोन्ही हात लगामाने आणि चाबकाने अडकलेले असतात. म्हणून वळायचे असेल तेव्हा तो चाबूक वर करून एकदा फिरवतो, आणि मग ज्या बाजूला वळायचे त्या बाजूला आडवा धरतो. मागच्याने ते पाहून वेग कमी करायचा असतो. अड्ड्यावरचा नवा माणूस पहिल्या दिवशी हे शिकतो. बाबा गल्ली रिकामी असली तरी चाबूक आडवा धरत. मी हसले तर म्हणत, "कोणी पाहो का न पाहो, आपली सवय मोडू नये."

त्या सकाळीही त्यांनी धरला. शाळेच्या गल्लीत उजवीकडे वळायचे होते. चाबूक वर गेला, फिरला, उजवीकडे आडवा झाला. मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला. मागून मोटारीचा भोंगा वाजला. मोटार थांबली नाही. ती उजवीकडूनच पुढे काढायला गेली आणि आमच्या चाकावर आली. आमची घोडी कबरी मागच्या पायावर बसली. मी रस्त्यावर पडले. पुस्तके पसरली.

मोटार एका मालगुजारांची, म्हणजे गावांच्या जमीनदारांची, होती. चालवत होता त्यांचा पुतण्या. तो अजून शिकतच होता, हे मोटार बंद करायलाही तो चाचपडत होता त्यावरून मला कळले. मालगुजार मागच्या बाजूने उतरले. त्यांनी मोटारीचे चेपलेले मडगार्ड पाहिले. घोडीकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले नाही. बाबांना विचारले, "कोण रे तू?"

"त्रेचाळीस, साहेब."

"नंबर नाही विचारला."

बाबांनी चाबूक खाली ठेवला. मग त्यांनी जात सांगितली. मालगुजार एक पाऊल मागे सरले आणि पुतण्याला म्हणाले, "तरीच."

एवढेच. "तरीच." अपघाताचा तपास तिथेच संपला असे आज मला वाटते. पुढे जे झाले ती नुसती लिखापढी होती.

समन्स आले. रस्त्यावरच्या लहान गुन्ह्यांसाठी दर शनिवारी दुपारी ऑनररी मॅजिस्ट्रेटांचे बेंच बसत असे. दोन गृहस्थ, एक कारकून, एक शिपाई. बिनकंदिलाचे सायकलवाले, जास्त सवाऱ्या भरणारे टांगेवाले, बाजारात भलत्या जागी छकडा सोडणारे शेतकरी, सगळे एकाच व्हरांड्यात गोळा होत. तिथलीही एक रीत होती. कारकून सगळ्यांना ओळीने उभे करी आणि सांगे, "नाव पुकारलं की हात जोडायचे. कबूल म्हणायचं. बाजूला व्हायचं." जो कबूल म्हणे तो घटकाभरात मोकळा होई. जो नाही म्हणे त्याला तारीख मिळे, मग आणखी एक तारीख मिळे. तेवढे दिवस टांगा अड्ड्यावर उभा राहणार. म्हणून सगळेच कबूल म्हणत. केलेलेही म्हणत, न केलेलेही म्हणत.

करीमभाई बाबांच्या पुढेच उभे होते. कंदिलाचा खटला होता त्यांचा. ते म्हणाले, "कबूल बोल दे, भाऊ. पाच मिनट का काम है. हम तो हर महिने बोलते. शादी में भी इत्ती बार नहीं बोला."

ओळ हसली. बाबाही हसले.

मी मात्र शिकलेली होते. मी कारकुनापाशी गेले आणि म्हणाले, "यांचा कागद पाहू द्या."

"तू कोण?"

"मी त्यांची मुलगी. मी शिक्षिका आहे."

कारकुनाने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. माझे लुगडे धुतलेले होते. पायांत वहाणा होत्या. तो हळूच हसला. "अस्सं! मास्तरीण! घ्या मास्तरीणबाई. वाचा."

कागद इंग्रजीत होता. यंत्रावर छापलेला, दाट, दोन पाने.

मला इंग्रजी येत नव्हते. मुळाक्षरे येत होती. बाबांचे नाव मी अक्षरे जुळवून ओळखले. त्रेचाळीस हा आकडा ओळखला. बाकी सगळे माझ्यासाठी काळ्या मुंग्यांची रांग होती.

त्या वेळी मी एवढेच म्हणायला हवे होते: मला हे वाचता येत नाही, मराठीत सांगा. सात-आठ शब्द. पहिलीतली मुलगीसुद्धा हात वर करून म्हणते, बाई, मला येत नाही. मी तिला शाबासकी देते.

पण कारकून हसत होता. ओळीतले सगळे टांगेवाले माझ्याकडे पाहत होते. बाबा पाहत होते. त्यांची मान ताठ झाली होती. त्यांच्या ओळखीच्या सगळ्या माणसांसमोर त्यांची मुलगी सरकारी कागद हातात धरून उभी होती.

मी वाचण्याचे सोंग केले. एकेका ओळीवरून डोळे फिरवले. वाचायला जितका वेळ लागला असता तितका वेळ लावला. पान उलटले. एकदा मान हलवली, जणू एखादा शब्द पटला. मग कागद परत देऊन म्हणाले, "ठीक आहे."

बाबांनी विचारले, "काय म्हणू वं, बाई?"

मी म्हणाले, "कबूल म्हणा."

मला वाटले, वळताना धक्का लागला, एवढेच लिहिले असेल. वर्गात आम्ही तेच शिकवतो. चूक मान्य करणाऱ्याला शिक्षा कमी होते. बाईंशी वाद घालू नये. हा धडा मी इतका चांगला शिकले होते की दुसऱ्याच्या गळ्यात घालताना मला क्षणभरही वेळ लागला नाही.

नाव पुकारले. बापाचे नाव पुकारले. मग "जात महार, धंदा टांगा." बिल्ल्यावर जे नव्हते ते इथे खणखणीत आवाजात वाचले गेले. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "कबूल."

करीमभाईंना मामुली दंड झाला. बाबांना दंड झाला आणि बिल्लाही जमा करायला सांगितला. बेंचवरचे एक गृहस्थ समजुतीच्या स्वरात म्हणाले, "अशा माणसांना नुसता दंड पुरत नाही. शिकवलं पाहिजे." हुकूम असा झाला की बाबांनी चार रविवार गाडी हाकणाऱ्यांसाठीच्या वर्गाला जावे, शेवटी परीक्षा द्यावी, उत्तीर्ण झाले तर बिल्ला परत मिळेल.

बाहेर आल्यावर बाबांनी बंडीच्या त्या जागी हात नेला जिथे बिल्ला लावत. मग करीमभाईंना म्हणाले, "चार रविवारच तर हायेत. जास्ती झालं असतं, गा. माह्या पोरीनं कागद वाचला म्हणून थोडक्यात निभावलं. नाही तर आपले कागद वाचते कोण?"

मी कागदाची मिळालेली नक्कल घडी करून पदराखाली घेतली.

हाकणाऱ्यांचा वर्ग त्या वर्षी नवाच निघाला होता. शहरात मोटारी वाढल्या होत्या आणि मोटारवाल्यांची तक्रार होती की टांगे, छकडे आणि सायकली रस्ता अडवतात. त्यांच्यातल्या काहींनी पुढाकार घेऊन वाहतुकीच्या साहेबांच्या मदतीने हा वर्ग सुरू केला. फळा आमच्या त्याच मालगुजारांनी दिला होता. मोटारींचे पगारी ड्रायव्हर कडुनिंबाखाली बाकांवर बसत. टांगेवाले उन्हात जमिनीवर बसत. बाबा आणि आमच्या वस्तीतला एक छकडेवाला यांना त्यांच्याही मागे, थोडे सुटे बसवले जाई. कोणी तसा हुकूम दिला नव्हता. शिपाई बोटाने जागा दाखवी. बोट पुरे होते.

पहिल्या रविवारी मी बाबांबरोबर गेले. साहेबांची पंचाईत झाली होती. नियमांच्या पुस्तकाची मराठी प्रत होती, पण त्यांना मराठी वाचन जड जाई आणि बसलेल्यांत वाचणारा कोणी नव्हता. बाबा उभे राहून म्हणाले, "साहेब, माही पोरगी मास्तरीण हाय."

अशी मी त्या वर्गाची शिक्षिका झाले. दर रविवारी मी फळ्याजवळ उभी राहून नियम वाचत असे, चौक काढून दाखवत असे, कोणी कोणाला वाट द्यायची ते समजावत असे. खोटे कशाला बोलू? मला आनंद होत होता. मोठी माणसे माझे ऐकत होती. साहेब मला "तुम्ही" म्हणत. बाबा शेवटच्या ओळीतून, मागे सुटे बसून, माझ्याकडे पाहत.

दुसऱ्या रविवारी मी पुढचे पान उघडले आणि वाचले, "जनावराने ओढलेल्या वाहनाच्या हाकणाऱ्याने वळण्यापूर्वी चाबूक वर फिरवून वळणाच्या बाजूस आडवा धरावा. मागील वाहनाने या इशाऱ्याचा मान राखावा."

मागून बाबांचा आवाज आला. "मी तर तेच केलं होतं."

साहेब म्हणाले, "मध्ये बोलायचं नाही."

घरी येऊन मी निकालाबरोबर मिळालेली ती नक्कल ट्रंकेतून काढली. सोमवारी ती आमच्या मुख्याध्यापिकांपुढे ठेवली. त्या मिशनच्या शाळेत शिकलेल्या होत्या, इंग्रजी सहज वाचत. त्यांनी चष्मा लावला आणि मला मराठीत सांगत गेल्या. कागदात लिहिले होते की टांगेवाल्याने मोटार चालवणाऱ्यावर चाबूक उगारला, त्याला धमकावले, त्यामुळे मोटारीचा तोल गेला आणि नुकसान झाले. ही असली माणसे रस्त्यावर वाहन हाकण्यास लायक आहेत का याचा विचार व्हावा, अशी शेवटी विनंती होती.

आडवा धरलेला चाबूक कागदावर उगारलेला झाला होता. आणि बाबांनी ते कबूल केले होते.

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. "हे वाचूनसुद्धा त्यांनी कबूल म्हटलं?"

मी मान खाली घातली. त्या समजल्या की नाही, मला माहीत नाही.

त्या शनिवारी मी कारकुनाकडे गेले. विचारले, हे खोटे आहे, अपील कसे करायचे? तो पान खात होता. म्हणाला, "कबूल केलं ना? मग अपील कशाचं? आणि बाई, कागद तर तुम्हीच वाचलात. दोन्ही पानं. माझ्यासमोर."

त्याला ठाऊक होते. त्या दिवशीही ठाऊक होते.

आता एकच वाट उरली होती. चार रविवार पुरे करायचे, परीक्षा द्यायची, बिल्ला घ्यायचा. बाबांना मी कागदाबद्दल काही सांगितले नाही. आधी बिल्ला हातात येऊ दे, मग सांगेन, असे ठरवले. भित्र्या माणसाला "मग" हा शब्द फार उपयोगी पडतो.

परीक्षेचा हुकूम होता की ज्याने त्याने आपले वाहन आणावे. कबरीचा पाय सुधारला नव्हता. ती उभी राही, पण ओढू शकत नव्हती. चौथ्या रविवारी सकाळी बाबा स्वतः दांड्यांत शिरले आणि टांगा ओढू लागले. मी मागून लोटत होते. पाचपावलीपासून मैदानापर्यंत. वाटेत लोक थांबून पाहत. बाबा म्हणाले, "पाहू दे वं. आज एकच दिवस हाय. उद्या पाहतील तवा बिल्ला राहीन."

मैदानावर पोचल्यावर, आपला टांगा घेऊन परीक्षा पाहायला आलेले करीमभाई धावत आले. "अरे, मेरी घोडी जोत ले. बोलने का था ना मेरे कू!"

साहेबांनी ऐकले. "चालणार नाही. परवाना गाडीचा आणि जनावराचा मिळून असतो. दुसऱ्याच्या घोडीवर परीक्षा कशी घेणार?"

बाबा म्हणाले, "साहेब, मग महिनाभरानं घ्या. घोडी बरी होऊन राहिली."

"वर्ग आज संपतो."

खुर्चीवर मालगुजार बसले होते. बिल्ले परत द्यायला त्यांना बोलावले होते. शेजारी पुतण्या होता. समोर टेबलावर एका ताटात सगळ्यांचे बिल्ले मांडलेले होते. मालगुजार अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "ओढत आणलाच आहे ना त्याने? मग परीक्षाही तशीच द्या म्हणावं. घोडी बिचारी शहाणीच होती. शिकायचं तर यालाच आहे. जोता."

आधी साहेब हसले. मग बाकांवरचे हसले. मग, हे लिहिताना वाईट वाटते, जमिनीवर बसलेल्यांतलेही काही हसले. त्यांचेही बिल्ले ताटातच होते.

बाबांनी ताटाकडे पाहिले. मग त्यांनीच टांग्यातला पट्टा उचलला आणि मान वाकवून तो आपल्या छातीवर घेतला. मागचे बक्कल शिपायाने लावले.

पुढचे सुरुवातीला सांगितले आहे. साहेबांनी मला हुकूम द्यायला सांगितले. मी म्हणाले, "डावीकडे." बाबा चुन्याच्या रेघेला न लागता वळले. सुबक वळण. चाकाचा मागसुद्धा रेघेच्या आत राहिला. मी म्हणाले, "सरळ." ते सरळ गेले. घामाने त्यांची बंडी पाठीला चिकटली होती.

"आता उजवीकडे," साहेब म्हणाले. "थांबा. इशारा कुठे आहे? चाबूक आडवा पाहिजे. नियम आहे."

बाबा म्हणाले, "हात मोकळे नाहीत, साहेब."

मालगुजार म्हणाले, "मग तोंडात धर."

पुतण्याने खाली पाहिले. शिपायाने टांग्यातला चाबूक काढला आणि बाबांच्या तोंडापुढे धरला.

माझ्या बाबांनी तोंड उघडले.

त्यांच्या दातांत तो चाबूक आडवा बसला. त्यांनी डोके उजवीकडे वळवले, नियमाप्रमाणे, आणि माझ्याकडे पाहिले. माझ्या हुकमाची वाट पाहत होते.

मी पुस्तक जमिनीवर टाकले. दोरीखालून आत गेले. बक्कल घट्ट होते, माझी नखे मोडली, पण ते निघाले. मी पट्टा ओढून काढला. साहेब ओरडले, "बाई, परीक्षा चालू आहे!"

मी वळले. माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला. "माझ्या वडिलांनी चाबूक उगारला नव्हता. आडवा धरला होता. मी टांग्यात होते. हा नियम तुमच्या पुस्तकात आहे, मी इथेच उभी राहून तो वाचला. मोडला तो यांच्या पुतण्याने. मी यापुढे इथे एक अक्षर वाचणार नाही. माझे वडील तुमच्यासाठी एक पाऊल ओढणार नाहीत."

मालगुजार उठले नाहीत. त्याच सौम्य आवाजात म्हणाले, "मग कोर्टात कबूल कशाला केलं?"

माझ्याकडे उत्तर होते. ते एकच होते आणि बाबा माझ्या बाजूला उभे होते. मी उत्तर दिले नाही.

साहेबांनी यादीत काहीतरी लिहिले. "त्रेचाळीस. परीक्षा अपुरी." पुढचा नंबर पुकारला.

बाबांनी चाबूक तोंडातून काढला. ओठ पुसले. ते रागावले नाहीत. त्यांनी मला अगदी हळू विचारले, "काहून सोडलं वं? एकच वळण राहिलं होतं."

या प्रश्नाला मी आजवर तोंड देऊ शकलेले नाही. त्यांनी सगळे गिळले होते. पट्टा गिळला, हसू गिळले, चाबूक गिळला. त्यांच्या हिशोबाने ते बिल्ल्यापासून एका वळणावर होते. मी त्यांचा अपमान थांबवला की त्यांचा बिल्ला? दोन्ही थांबले. त्यांना विचारून मी काहीच केले नव्हते. "कबूल म्हणा" तेही न विचारता, न वाचता. आणि हेही.

येताना टांगा आम्ही दोघांनी ओढला. एक दांडा त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. करीमभाई मागून लोटत होते.

बिल्ला परत मिळाला नाही. कबरी विकली. टांगाही विकला. बाबा इतवारीत हातगाडी ओढू लागले. कापसाच्या गाठी, पोती, लोखंड. हातगाडीला बिल्ला लागत नाही. पाच वर्षे ओढली. मग छाती भरली आणि एका पंधरवड्यात ते गेले. शेवटच्या दिवसांत कोणी भेटायला आले की सांगत, "पोरीनं कागद वाचून पाहिला होता. तिनं तर केलं होतं जेवढं होते तेवढं." मी उशाशी बसून ऐकत असे. दहा वेळा ओठांवर आले. सांगितले नाही. आपली शिकलेली मुलगी आपल्यासाठी उभी राहिली, एवढेच त्यांच्याकडे शिल्लक होते. तेही कसे काढून घेऊ, असे मी स्वतःला समजावले. खरे कारण अजूनही लाज होती. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्याचा खोटेपणा सांगणाऱ्याने स्वतःचा लपवू नये.

मुख्याध्यापिकांकडे मी इंग्रजी शिकले. वाचनपुस्तकाने सुरुवात केली नाही. बाबांच्या त्या दोन पानांनी केली. पहिले इंग्रजी वाक्य मी जे पूर्ण वाचले ते खोटे वाक्य होते.

आता शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी मी बेंचच्या व्हरांड्यात जाते. ओळीत उभ्या असलेल्या माणसाला विचारते, "दादा, कागदात काय लिहिलंय, ठाऊक आहे का?" नसते. मी कागद मागून घेते, त्याला त्याच्या भाषेत सांगते. न कळलेला शब्द आला तर मोठ्याने म्हणते, मला हा शब्द येत नाही, आणि कारकुनाला विचारते. मी कोणालाही कबूल म्हण किंवा म्हणू नको असे सांगत नाही. तो हक्क मी एकदा चोरला आहे. कागद ऐकून झाल्यावर बहुतेक जण कबूलच म्हणतात. त्यांना टांगा हाकायचा असतो, घरी जायचे असते. काही जण म्हणत नाहीत. त्यांच्या तारखा लांबतात, ओळ खोळंबते, बेंचवरचे गृहस्थ घड्याळ पाहतात. मागच्या महिन्यात एका सायकलवाल्याने मला शिव्या दिल्या. म्हणाला, "तुमच्यापायी मले चार चकरा झाल्या, बाई." खरेच होते. मी ऐकून घेतले.

काल शाळा कमिटीचे पत्र आले. त्यात लिहिले आहे की शिक्षिकेने कोर्टाच्या आवारात जाऊन लोकांना चिथावणी देणे शाळेच्या लौकिकास शोभत नाही. झाल्या प्रकाराबद्दल माफी लिहून द्यावी आणि यापुढे तिथे जाणार नाही अशी हमी द्यावी. नाहीतर नोकरीचा विचार करावा लागेल.

नोकरी गेली तर मला दुसरा आधार नाही. बाबा नाहीत. दुसरी शाळा आमच्या जातीच्या शिक्षिकेला किती दिवसांनी जागा देईल, हे मला चांगले माहीत आहे. मी रात्री नव्हे, सकाळी, डोके शांत असताना, पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचले आणि उत्तर लिहिले. ते असे:

"माफी लिहून देणार नाही. हमी देणार नाही. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिथे जाणार आहे, आणि त्यापुढच्याही. मला काढायचे असल्यास कारण लिहून काढावे. ते कारण मी वाचीन आणि त्यावर माझे म्हणणे मांडीन. त्याआधी कशावरही सही करणार नाही."